थंड धुपाटणं

त्या दिवशी सकाळी रय्याला सगळ्यात मोठी काळजी होती ती चपलेच्या पट्ट्याची. डावा पट्टा अंगठ्यापाशी सैल झाला होता आणि चालताना टाच जमिनीवर आपटून 'फट्टाक' असा आवाज येत होता. एरवी तिने ढुंकूनही पाहिलं नसतं. पण आज ती पहिल्यांदाच एकटी मिलाह गावाच्या गल्ल्यांतून फिरणार होती, तेही सुलतानांचं काम घेऊन. अशा वेळी बदकासारखे आवाज काढत जाणं बरं दिसतं का? तिने पट्ट्याला दोरा घातला, गाठ मारली, उरलेला दोरा दातांनी तोडला आणि उठून दोन पावलं चालून पाहिलं.

फट्टाक.

"राहू दे गं," खाला मुझ्ना अंथरुणावरून म्हणाली. "तुझ्या पायांकडे कोण बघतंय?"

"पायांकडे नाही, पण तोंडाकडे तरी बघतील ना?"

"तोंडाकडेही नाही. हातात काय आहे ते बघतात, आणि खिडकी लावतात."

खाला मुझ्ना म्हणजे रय्याची मावशी, आणि आई गेल्यापासून आईसुद्धा तीच. मिलाहमध्ये तिला नावाने कुणी हाक मारत नसे. ती 'सांगणारी' होती. तिच्या आधी तिची आई सांगणारी होती. आता खाला गच्चीच्या शिडीवरून घसरून, घोटा दुधीभोपळ्याएवढा सुजवून बसल्यामुळे आजच्यापुरती रय्या. 'आजच्यापुरती' असं खाला म्हणत होती. रय्याने मनातल्या मनात तो शब्द केव्हाच गाळून टाकला होता.

काम तिला येत होतंच. हातात लोबानाची पिशवी धरून खालाच्या मागे फिरतच ती लहानाची मोठी झाली होती. राजवाड्यातलं बरंवाईट गावातल्या पुरुषांना नगाऱ्यावरून कळे. रोज तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर राजवाड्याच्या दारावर नगारा वाजे. सुलतान आजारी असले की त्याच्यावर लोकर पांघरत, मग आवाज घसा बसल्यासारखा येई. आणि एखाद्या दिवशी वाजलाच नाही की समजून घ्यायचं. बायकांचं वेगळं होतं. नगारा ऐकून बायकांनी काही मानायचं नाही, अशी तिथली रीत. नगारा सगळ्यांना एकदम सांगतो, आणि मरणाची गोष्ट अशी घाऊक सांगायची नसते. ती एकेकीच्या दारात जाऊन सांगायची असते.

शब्दसुद्धा ठरलेले. 'सुलतान आजारी आहेत' असं चुकूनही म्हणायचं नाही. पहिल्या फेरीला सांगणारी खिडकीखाली उभी राहून म्हणे, 'राजवाड्यात हळू बोलतात.' दुखणं वाढलं की दुसरी फेरी, 'राजवाड्यात पावलं वाजत नाहीत.' दोन्ही वेळा तिच्या हातातल्या धुपाटण्यात राजवाड्याच्या चुलीतला निखारा असे आणि त्यावर लोबान जळत असे. धूर वर खिडकीपर्यंत पोचला की वरची बाई सुलतानांसाठी दुवा मागे. तिसऱ्या फेरीला शब्दच नसत. थंड धुपाटणं उंबऱ्यावर क्षणभर ठेवायचं, उचलायचं, पुढच्या दाराकडे जायचं. बस्स. मग वरच्या बायका घरात भरलेलं होतं नव्हतं ते सगळं पाणी ओतून देत. मिलाहमध्ये पाणी डोंगरातून गाढवांवर येतं, त्यामुळे हा शोक काही स्वस्तातला नव्हता.

म्हणून आजच्या या दुसऱ्या फेरीत निखारा विझता कामा नये. पूर्वी हे काम दुसऱ्याच एका घराकडे होतं. त्या घरातल्या बाईचा निखारा वाटेत विझला आणि तिला कळलंही नाही. अर्ध्या गावाने पाणी ओतलं, लुटीसाठी बंदरावरच्या वखारींची कुलपं फुटली, आणि गच्चीवर बसून कलिंगड खाणाऱ्या त्या वेळच्या सुलतानांना खालचा आक्रोश ऐकून विचारावं लागलं, कोण गेलं म्हणून. संध्याकाळच्या गलबतावर त्या बाईला, तिच्या मुलाबाळांना आणि भांड्याकुंड्यांना एकत्रच चढवलं. कुठे उतरवलं ते आजतागायत कुणाला माहीत नाही. खाला आणि रय्या राहत होत्या ते घर त्याच लोकांचं. भिंतीवर त्यांच्या मुलांची उंची मोजल्याच्या रेघा अजून होत्या.

"घर राजवाड्याचं आहे हे विसरू नकोस," खाला म्हणाली. "विझलं, तर आपणही गलबतावर."

"आणि नाही विझलं तर?"

"तर पुढच्या वेळीही तूच जा. माझे गुडघे तरी सुटतील."

रय्याला हेच हवं होतं. मैत्रिणी म्हणवणाऱ्या पोरी तिला चिडवत, तेल गेलं तूप गेलं, हिच्या हाती धुपाटणं आलं. चिडवू देत. रय्याच्या डोक्यात एक बेत होता, आणि तो तिने खालालासुद्धा सांगितला नव्हता.

त्याचं असं की मिलाहच्या बायका दार उघडायला खाली उतरत नाहीत. वरच्या मजल्यावरून एक दोर खालच्या कडीला बांधलेला असतो. वरून ओढला की कडी उचलली जाते आणि दार आपोआप उघडतं. पाहुणी जिना चढून वर जाते, वर आलं घातलेला कहवा असतो, तीळ लावलेल्या वड्या असतात, हसणं असतं. रय्या हे सगळं खालून ऐकत मोठी झाली होती. सांगणारीसाठी कुणी दोर ओढत नसे. तिला वर घेतलं की तिच्या पाठोपाठ आणखी काहीतरी वर येतं, अशी समजूत होती. खालाला त्याची सवय झाली होती. रय्याला झाली नव्हती आणि करून घ्यायचीही नव्हती. एकदा का काम आपल्या हाती आलं की आपण हसून बोलू, लग्नाच्या बातम्यासुद्धा सांगत फिरू, आणि बघता बघता एखादी म्हणेल, अगं, ऊन किती आहे, ये की वर.

आणि ती एखादी शिफा असेल, हेही तिने ठरवून ठेवलं होतं. शिफा तिची बालमैत्रीण. दोघींनी मिळून किनाऱ्यावर वाळत घातलेल्या तारली माशांवरून कावळे हाकलले होते, एकाच फणीने केस विंचरले होते. मग शिफाचं लग्न जकातीच्या कारकुनाशी झालं आणि ती बंदराजवळच्या उंच घरात गेली. रय्या एकदा नुसतीच भेटायला गेली, तर वरून शिफाच्या सासूने विचारलं होतं, राजवाड्यातून आलीस का? नाही म्हटल्यावर म्हणाली, मग कशाला आलीस?

तर असं.

राजवाड्याच्या मुदपाकखान्यात उम्म सुरूर तिची वाट बघत होती. राजवाड्याच्या आतल्या बाजूचा सगळा कारभार या म्हातारीकडे होता. सुलतानांना तिनेच अंगाखांद्यावर खेळवलेलं, त्यामुळे ती त्यांना अजूनही हट्टी पोरच समजत असे. रात्र जड गेली, असं तिने चिमट्याने निखारा निवडता निवडता सांगितलं. पण सकाळी खिमटात मीठ नाही म्हणून स्वयंपाक्याला शिव्या घातल्यात, म्हणजे अजून जीव आहे. तिने निखारा धुपाटण्यात ठेवला, वर लोबानाचे खडे टाकले, जाळीचं झाकण लावलं. मग रय्याची हनुवटी धरून तिचं तोंड स्वतःकडे वळवलं.

"घाई करू नकोस, पोरी. बाहेरून आत यायचं. शेवटचं दार आमचं."

ही पण रीतच. फेरी गावाच्या पार टोकाला, कोळ्यांच्या वस्तीपासून सुरू करायची आणि घरं घेत घेत राजवाड्यापर्यंत यायचं. रय्या धुपाटणं दोन्ही हातांत धरून किनाऱ्याने चालत निघाली. समुद्र पत्र्यासारखा चमकत होता. वाळूवर तारल्यांचे गालिचे पसरले होते आणि एक उंट कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यांतला एक कोपरा खात होता. जेवणं उरकून गाव पडलेलं होतं. चुन्याने रंगवलेल्या पांढऱ्या भिंतींवर ऊन असं काही तापलं होतं की बघावं तिकडे डोळ्यांत पाणी येई. फट्टाक, फट्टाक करत ती कोळ्यांच्या वस्तीत शिरली तेव्हा गल्लीत सावली म्हणून नव्हती.

पहिलं घर एका विधवेचं. रय्याने घसा साफ केला आणि कडी वाजवायला हात उचलला.

तिचा हात लागायच्या आधीच कडी वर उचलली गेली आणि दार उघडलं.

रय्याला इतका आनंद झाला की सांगायची सोय नाही. पहिल्याच दारात. आत गार काळोख होता, जिना वर वळत होता, आणि आल्याचा वास येत होता. तिने पायरीवर पाऊल ठेवलं.

"आता काय विसरलीस?" वरून बाईचा आवाज आला. रडून बसलेला.

रय्या म्हणाली की विसरले काहीच नाही, मी आत्ताच तर येतेय. मग ती बाई समजावल्यासारखं म्हणाली की इथे तुझं काही राहिलेलं नाही, बघितलं मी, जा बाई, अजून कितीतरी दारं असतील तुला. दोर सैल झाला आणि दार हळूहळू आपलं आपण मिटलं. रय्याला पाय मागे घ्यावा लागला.

म्हातारपणी होतं असं, तिने स्वतःला सांगितलं. बंद दाराला तिने ठरलेले शब्द ऐकवले, 'राजवाड्यात पावलं वाजत नाहीत,' आणि पुढे गेली.

दुसऱ्या घरात कुणी उत्तर दिलं नाही. तिसऱ्या घराची झडप तिच्या डोळ्यांदेखत बंद झाली. चौथ्या घरासमोर ती उभी होती तेव्हा तिच्या खांद्यावर एक थेंब पडला.

तिने वर पाहिलं. गच्चीच्या पन्हळीतून पाणी गळत होतं. धुणं चाललं असेल. मग समोरच्या घराची पन्हळ वाहू लागली. मग तिच्या शेजारची. बघता बघता गल्लीच्या दोन्ही बाजूंनी पन्हळी धो धो वाहायला लागल्या, कोरड्या मातीत खड्डे पडले, आणि इतक्या पाण्यात कुणाचा एक शब्द नाही, एक हुंदका नाही. निरभ्र आकाशाखाली सगळी गल्ली नुसती गळत होती.

रय्याने घाबरून धुपाटण्याचं झाकण उचललं. निखारा लालभडक होता. लोबान वितळून चरचरत होता. धूर सरळ तिच्या डोळ्यांत गेला.

ती धावत उम्म हमदच्या घरासमोर गेली. उम्म हमद म्हणजे गावातली सगळ्यात फटकळ बाई. सुलतानांच्या बहिणीलाही तोंडावर 'घोरतेस' म्हणून सांगणारी. खोटं तिच्याच्याने बोलवत नसे. रय्याने दोन्ही हातांनी कडी बडवली. खिडकी उघडली. उम्म हमदच्या हातात रिकामा माठ होता.

"उम्म हमद, पाणी का ओतताय? थांबवा सगळ्यांना. सुलतान आहेत, जिवंत आहेत. ही दुसरीच फेरी आहे."

"मग मघाशी काय खेळ केलास?"

"मघाशी कधी? मी आत्ताच येतेय."

उम्म हमदने माठ खाली ठेवला आणि कठड्यावर वाकून तिच्याकडे नीट पाहिलं. मग ती म्हणाली की तू वर येऊन माझ्या चटईवर बसलीस, वड्या खाल्ल्यास, माझ्या सुनेच्या बाळाला मांडीवर घेतलंस. सांगणारीला वर घेऊ नये हे मलाही कळतं, पण तू खाली अशी उभी होतीस की दोर ओढल्यावाचून राहवेना. आणि उठताना ते थंड धुपाटणं उंबऱ्यावर टेकवून गेलीस. आता परत ये-जा करून का छळतेस?

रय्याने हातातलं धुपाटणं जमेल तितकं उंच धरलं. धुराने तिला खोकला येत होता.

"हे बघा ना. जळतंय. दिसत नाही का तुम्हाला?"

उम्म हमदने पाहिलं. अगदी डोळे बारीक करून पाहिलं.

"राख आहे की गं ती," ती म्हणाली. फटकळपणे नव्हे. हळूच.

मग रय्या दारं मोजायची सोडून पळत सुटली. पुढे कोण आहे ते गाठायला हवं, एवढंच तिला समजत होतं. कुणीतरी तिचं सोंग घेऊन तिच्या पुढे चाललं होतं आणि गावाला सुलतान गेल्याचं सांगत होतं. अशी एखादी पोर पकडली, बखोटीला धरून राजवाड्यात नेली, तर खाला वाचेल, घर वाचेल. मिठाच्या वखारीपाशी तिला वळणावर काळ्या बुरख्याचं टोक दिसलं. ती वळली. गल्ली रिकामी. पण पुढच्या वळणापलीकडून आवाज आला.

फट्टाक. फट्टाक.

रय्या थांबली. तिने दोन्ही चपला काढून भिंतीशी ठेवल्या आणि तापलेल्या मातीवर अनवाणी उभी राहून ऐकलं.

फट्टाक. फट्टाक. फट्टाक. आरामात चाललेली. घाई नसल्यासारखी.

बंदराजवळच्या उंच घराखाली ती पोचली तेव्हा तळपाय पोळले होते. वर खिडकीत शिफा होती. कितीतरी दिवसांनी रय्याला तिचा चेहरा दिसत होता, गालांवर मांस चढलेलं, डोळे रडून लाल, आणि तरी मागे कधीतरी दिसायचा तसा उजळलेला.

"अगं, इतक्यात परत? राहिलीस का नाही मग?"

रय्याने विचारलं, मी किती वेळ होते वर. शिफा म्हणाली, असं काय विचारतेस वेड्यासारखं, सासूबाई झोपल्या होत्या म्हणून तर बसता आलं. कहवा झाला, खजूर झाला, लहानपणीच्या त्या मेल्या कावळ्याची गोष्ट निघाली आणि आपण तोंडात पदर कोंबून हसलो. बिया अजून बशीत आहेत. शिफा हे सांगताना परत हसली, आणि मग तिचा आवाज एकदम उतरला.

"आणि तू ते म्हणालीस ना. ते मला माहीतच नव्हतं, रय्या. तू कधी बोललीच नाहीस."

"काय म्हणाले मी?"

"की तू दुपारची माझ्या खिडकीखाली येऊन उभी राहायचीस. नुसती. आमचं बोलणं ऐकत."

रय्याने हे कुणालाही सांगितलं नव्हतं. खालालाही नाही. ज्या भिंतीला टेकून ती उभी राहायची, तिच्याशीच ती आत्ता उभी होती.

"शिफा," ती म्हणाली, "ती मी नव्हते. ही मी आहे. दोर ओढ. मला वर घे, मी सगळं सांगते."

शिफाने तिच्याकडे पाहिलं. दोराकडे पाहिलं. तिचा हात उठलासुद्धा.

"आत्ता नको," ती म्हणाली. "आत्ताच तर गेलीस."

झडप लागली. वरच्या पन्हळीतून पाण्याची धार सुरू झाली.

सय्यदांच्या गल्लीत सगळ्या पन्हळी वाहून थांबल्या होत्या. व्यापाऱ्यांच्या गल्लीत चिखल झाला होता, आणि त्या चिखलात चपलांचे ठसे उमटले होते. डाव्या पायाची टाच ओढलेली. ठसे राजवाड्याच्या मागच्या दाराकडे जात होते.

परत येत नव्हते.

रय्या त्यांच्यावर पाय न देता कडेकडेने गेली.

मुदपाकखान्यात चूल विझवलेली होती. उम्म सुरूर जमिनीवर पाय पसरून बसली होती, आणि तिच्या मांडीवर पुरुषाची एक टोपी होती, भरजरी, आतून घामाने पिवळी पडलेली. रय्याला बघून ती दचकली नाही. बस, म्हणाली.

रय्या बसली नाही. तिने एका दमात सगळं सांगायला सुरुवात केली, की फेरी बिघडली, माझा दोष नाही, निखारा बघा अजून जळतोय, कुणीतरी माझ्या पुढे गेलं, आणि सुलतान ठीक आहेत हे तुम्ही आत्ताच्या आत्ता गच्चीवरून कुणालातरी ओरडून सांगायला सांगा.

"बरं केलंस तू," उम्म सुरूर म्हणाली.

"काय केलं मी?"

"त्यांना स्वतः जाऊन सांगितलंस ते. माझ्याने झालं नसतं."

आणि मग ती आपल्याच नादात सांगत गेली. तू आलीस, कुणाला न विचारता वर गेलीस, मीही अडवलं नाही, का ते मला कळत नाही. ते जागे होते. कोण आहे म्हणाले. सांगणारी आहे म्हणालीस. त्यांनी विचारलं, सगळ्यांना सांगून झालं का? तू म्हणालीस, सगळ्यांना झालं, तुम्हीच राहिला होता. आणि धुपाटणं त्यांच्या पलंगाच्या पायाशी टेकवलंस. ते थोडे हसले. म्हणाले, निदान कळवायला तरी आलीस. मग भिंतीकडे तोंड केलं.

"तेव्हा ते जिवंत होते?" रय्याने विचारलं.

"तू सांगेपर्यंत होते," उम्म सुरूर म्हणाली.

कोनाड्यात धुपाटणं ठेवलेलं होतं. तेच, जाळीच्या झाकणाचं, एका बाजूला पोचा आलेलं. धुऊन पालथं घातलेलं. रय्याने हातातल्याकडे पाहिलं. त्यालाही तिथेच पोचा होता, आणि त्याची उष्णता तिच्या तळव्यांना चटके देत होती.

तिने ते चुलीजवळ ठेवलं. उम्म सुरूरने तिकडे नजरही वळवली नाही.

बाहेर तिसऱ्या प्रहरची बांग झाली, नमाज झाला. रय्या राजवाड्याच्या दाराशी उभी राहिली. मशिदीतून पुरुष बाहेर पडत होते आणि नगाऱ्याकडे बघत थांबत होते. नगारची नगाऱ्याशेजारी हात मांडीवर ठेवून बसला होता. एकेक करून पुरुषांनी डोक्यावरची पागोटी उतरवली.

म्हणजे काही चुकलं नव्हतं. सुलतान खरंच गेले होते, गावाला रीतीने कळलं होतं, कुणाच्या वखारीचं कुलूप फुटलं नव्हतं, कुणाला गलबतावर चढवणार नव्हते. उलट गर्दीतला एक म्हातारा दुसऱ्याला सांगत होता की आमच्या घरी सांगून गेली ती पोर फार गुणाची आहे, बायको म्हणत होती, परत बोलावू. रय्या त्याच्या अगदी शेजारी उभी होती. तिने त्याच्याकडे वळून पाहिलं. त्याने बाजूला सरकून तिला वाट दिली, जशी कुणाही परक्या बाईला देतात.

ती घरी निघाली. रडू येत होतं, पण वाटेत रडायचं नाही असं तिने ठरवलं. खालाच्या मांडीवर डोकं ठेवायचं आणि मग हवं तितकं रडायचं. खालाला सगळं सांगायचं. खाला आधी शिव्या घालेल, मग विश्वास ठेवेल, कारण खाला तिच्यावर नेहमीच विश्वास ठेवते. हे मनाशी म्हणता म्हणता तिची पावलं झपाझप पडू लागली. गल्ल्या ओल्या होत्या. खिडक्यांतून बायकांचे आवाज येत होते, दबलेले, सुतकातले, पण एकमेकींना धरून असलेले.

घराचं दार बंद होतं. तिने कडी वाजवली.

वर चाललेलं बोलणं थांबलं. आत्तापर्यंत वर बोलणं चाललं होतं, हे तिला ते थांबल्यावर कळलं. आल्याचा वास येत होता. खालाला तर चुलीपर्यंतही चालवत नव्हतं.

सुजलेला पाय ओढत कुणीतरी खिडकीशी आलं. झडप उघडली.

"कोण आहे?"

"मी, खाला. दोर ओढ."

खाला मुझ्नाने खाली वाकून पाहिलं. तिचा चेहरा रागावलेला नव्हता, घाबरलेलाही नव्हता. वाटसरूने पाणी मागितलं की होतो तसा तो झाला होता, सभ्य आणि थोडा संकोचलेला. ती आत वळून हलक्या आवाजात म्हणाली, "कुणीतरी मुलगी आहे गं. अनवाणीच आलीय. माझ्या ओळखीची नाही."

आतून दुसरा आवाज आला. मोकळा, तरुण, दिवसभर बोलून बोलून थोडा बसलेला. स्वतःचा आवाज रय्याने असा दुरून कधी ऐकला नव्हता. तरी ओळखायला वेळ लागला नाही.

"मग वर बोलाव ना," तो आवाज म्हणाला. "एकटी दिसतेय बिचारी."

दारामागे दोर ताणला गेला. कडी उचलली गेली आणि दार आपोआप उघडलं.

जिन्यात काळोख होता. वर कुणीतरी तिसरा पेला मांडत होतं.